रविवार न मोजणारे फादर गॅमेल

फादर गॅमेल थॉर्नबेकला पहिल्यांदा आले तेव्हा आधी त्यांचा आवाज आला, मग पोट आलं, आणि फादर स्वतः बऱ्याच उशिराने, तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

हॅविस त्या सकाळी ओढ्यावर बीअरसाठी जव भिजवत बसली होती. टेकडीपलीकडून असा काही गडगडाट सुरू झाला की राजाची फौज नगारे वाजवत आली, अशी तिची खात्रीच पटली. तिने बोंब ठोकली. बायका कोंबड्या काखोटीला मारून रानात पळाल्या. पुरुषही पळाले, पण बायकांच्या पुढे. गावातली बदकं उडाली ती थेट समुद्रापार गेली आणि परत आली नाहीत. तीन दिवस शेवटचे श्वास मोजत पडलेला म्हातारा ऑस्विन ताडकन उठून बसला आणि त्याने वाटाण्याचं सूप मागितलं. तो पुढे नऊ वर्षं जगला. त्याच्या सुनेने फादरना याबद्दल कधीही क्षमा केली नाही.

मग टेकडीच्या माथ्यावर एक काळा डोंगर दिसला. त्याच्याखाली चार बारीक पाय हलत होते, त्यावरून आत कुठेतरी गाढव असावं असा अंदाज करता येत होता. डोंगर स्तोत्र गात होता. ओढ्याच्या मधोमध आल्यावर गाढवाने आपल्या एकूण आयुष्याचा विचार केला आणि ते पाण्यात खाली बसलं. फादर पडले, बुडाले, पण गाणं थांबलं नाही. एक अख्खी ओळ पाण्याखाली झाली, असं हॅविस आजही शपथेवर सांगते.

"बाई," नाकातलं पाणी काढत फादरनी विचारलं, "इथलं चर्च कुठंय?"

"वर टेकाडावर. पण तुम्ही कोण?"

"मी तुमचा नवा पाद्री."

"अरे देवा! जुना बरा होता की हो आमचा," हॅविस म्हणाली. "शेवटची चार वर्षं त्याची वाचाच गेली होती."

त्यानंतर सात वर्षं फादर गॅमेल यांनी थॉर्नबेकमध्ये गायलं आणि थॉर्नबेकने ते सोसलं. माणूस वाईट नव्हता. ताटात वाम मासा दिसला की त्यांचे डोळे भरून यायचे, एवढंच. लॅटिन त्यांना येत होतं, पण ते त्यांच्या गाढवासारखं होतं, मनात असेल तेव्हा चालायचं. मिस्साच्या प्रार्थनेत मधोमध ते अडकले की हॅविस मागच्या बाकावरून म्हणायची, "फादर, तेवढं सोडा, पुढचं घ्या. देव समजून घेईल." आणि फादर खरोखरच पुढचं घ्यायचे. त्यांना उंचीची भीती वाटायची, विजेची वाटायची, राजाच्या अंमलदाराच्या कुत्र्याची तर देवापेक्षा जास्त वाटायची. अशा माणसाच्या हातून काही शौर्य घडेल, असं गावात कुणालाही वाटत नव्हतं. फादरना स्वतःलाही नव्हतं.

तर त्या वर्षी राजाचं आणि बिशपचं बिनसलं. राजा म्हणे, माझा गुन्हेगार चर्चमध्ये घुसला म्हणून काय तो संत होतो? बिशप म्हणे, चर्चच्या उंबऱ्याआत राजाला पाय पुसण्यापुरताही अधिकार नाही. मोठ्या माणसांचं भांडण मोठ्या शहरात चालायचं. आमच्याकडे त्याचा फक्त धूर यायचा. पण हॅविसच्या धाकट्या भावाच्या शेतात राजाचं हरीण शिरलं आणि धुराबरोबर आगही आली.

थर्स्टन हा तसा गरीब पोरगा. घेवड्याचं एवढंसं शेत. त्यात राजाच्या रानातलं हरीण रोज येऊन चरायचं. राजाच्या हरणाला हात लावायचा नाही असा कायदा होता. घेवडा खाऊ नये असा कायदा हरणाला कुणी सांगितलेला नव्हता. एका मंगळवारी थर्स्टनने रागाने गवत उचलायचा लोखंडी काटा भिरकावला. जन्मात त्याचा एकही नेम लागला नव्हता, तो नेमका त्या दिवशी लागला. हरीण जागेवर मेलं. त्याची शिक्षा फाशी. थर्स्टन पळाला, कुंपणावरून उडी मारताना पडला आणि त्याचा डावा पाय नडगीत मोडला.

हॅविसने त्याला उचलून बीअरच्या पिंपांच्या हातगाडीत घातलं आणि गाडी टेकाडावर ढकलत सुटली. मागून अंमलदार रॅनुल्फची माणसं.

"ताई, सोड मला. तुलाही धरतील."

"गप बस, गाढवा. आणि तो काटा फेक आधी! अजून कवटाळून बसलाय!"

चर्चच्या दाराला लोखंडी कडी होती. जुनी रीत अशी की ती कडी ज्याने धरली त्याला चर्चचा आसरा मिळाला. चाळीस दिवस त्याला कुणी शिवायचं नाही. त्या मुदतीत त्याने देश सोडून जाण्याची शपथ घ्यायची. शपथ घेतली की हातात लाकडी क्रूस धरून, अंमलदार सांगेल त्या बंदरापर्यंत, सांगेल तेवढ्या दिवसांत चालत जायचं. घोडा नाही, गाडी नाही. रस्ता सोडला किंवा वेळ चुकली, तर दिसेल तिथे मुंडकं उडवायचं.

थर्स्टनने गाडीत बसूनच कडी धरली. रॅनुल्फ धापा टाकत पोहोचला आणि गाडीला लाथ मारून म्हणाला, "ठीक आहे. चाळीस दिवस. मग तीस मैलांवरचं बंदर आणि तीन दिवसांची मुदत. बघू, लंगडी घालत कसा जातो ते!"

 गावात हाडं बसवणाऱ्या मेंढपाळाने पाय ओढून सरळ केला, फळ्या बांधल्या आणि सांगितलं, "मेंढीचा असता तर महिन्यात उभी केली असती. माणसाचं हाड आळशी. सहा आठवड्यांच्या आत जमिनीला टेकवलास, तर पुन्हा मोडलाच समज." हॅविसने बोटांवर मोजलं. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. पुन्हा मोजलं. बेचाळीसच. आणि बेचाळिसाव्या दिवशी टेकवलेला पाय त्याच दिवशी दहा मैल चालत नाही, हे कळायला मेंढपाळ लागत नाही.

थर्स्टन बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाशेजारी गवतावर पडून राहिला. दाराबाहेर रॅनुल्फचे दोन पहारेकरी. हॅविस रोज वाटाण्याची पेज आणि जवाची भाकरी घेऊन जायची. पहारेकरी पेजेत काठी घालून शस्त्र आहे का बघायचे आणि मग तिच्याकडेच बीअर मागायचे. फादर दाराच्या चौकटीवर सुरीने दिवसांच्या खाचा पाडायचे. बाकीचा वेळ ते थर्स्टनला धीर देत, म्हणजे गात.

"ताई," तिसऱ्या आठवड्यात थर्स्टन म्हणाला, "रॅनुल्फला म्हणावं, मी फाशी जायला तयार आहे. फक्त ह्यांना थांबवा."

पण हॅविसला हसू येईना. ती फादरना कोपऱ्यात गाठून म्हणाली, "फादर, चाळीस दिवस पुरायचे नाहीत. पोरगा रस्त्यातच मरेल. तुम्ही तिथे उभे राहून त्याच्यासाठी स्तोत्र म्हणाल, आणि तेही चुकीचं."

 फादर चौकटीवरच्या खाचांकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी वाम माशाला हात लावला नाही, तेव्हाच हॅविसला कळायला हवं होतं की काहीतरी शिजतंय.

चाळिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, रॅनुल्फ बारा माणसं, एक दोर आणि तो कुत्रा घेऊन आला. अख्खा गाव टेकाडावर जमला होता. फादर गॅमेल दारात उभे होते. त्या दारात ते उभे राहिले की दार लावायची गरज पडत नसे.

"फादर, बाजूला व्हा. चाळीस दिवस झाले. शपथ घेऊन चालू लागू दे, नाहीतर दोराला लटकू दे."

"पस्तीस," फादर म्हणाले.

"काय पस्तीस?"

"आज पस्तिसावा दिवस."

रॅनुल्फने कमरेची काठी काढून त्यांच्या नाकासमोर धरली. "रोज एक खाच मारलीय मी. मोजा!"

फादरनी शांतपणे मोजल्या. "चाळीस आहेत खऱ्या. पण यातल्या पाच रविवारच्या आहेत. त्या मारायला नको होत्या, साहेब. रविवारी सुतारकाम करणं पाप आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. हॅविस फादरच्या मागेच, दाराच्या आत उभी होती. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण झग्याखालची पोटरी दिसत होती. ती वाऱ्यातल्या पानासारखी थरथरत होती. कुत्रा त्या पोटरीकडेच बघत होता.

"रविवार काय दिवस नसतो?" रॅनुल्फ ओरडला.

"असतो की. देवाचा असतो. देवाच्या घरात देवाचा दिवस राजाच्या काठीवर कसा मोजायचा?"

"फादर, चाळीस म्हणजे चाळीस! लहान पोराला विचारा!"

"तुम्हालाच विचारतो. ईस्टरच्या आधीचे उपास धरता ना तुम्ही?"

"धरतो म्हणजे! अख्खा गाव साक्ष आहे."

"किती दिवसांचे?"

"चाळीस."

"राखेच्या बुधवारपासून?"

"अर्थात."

"मग मोजा. रविवार धरून मोजा. चाळीस म्हणजे चाळीस."

रॅनुल्फ बोटांवर मोजू लागला. त्याची माणसं मोजू लागली. मग गावही मोजू लागला, मोठमोठ्याने, जसा काही आठवडी बाजारच भरलाय. चाळिसावर आल्यावर सगळे एकदम थांबले.

"झावळ्यांचा रविवार," म्हातारा ऑस्विन म्हणाला.

"म्हणजे झावळ्यांच्या रविवारी साहेबांचा उपास संपला," फादर खिन्नपणे म्हणाले. "ईस्टरला अजून एक आठवडा. प्रभूच्या दुःखाचा आठवडा सुरू, सगळा देश रडतोय, आणि सोमवारी आमच्या अंमलदारांच्या ताटात डुकराची तंगडी."

"मेल्या!" ऑस्विनची सून किंचाळली. "पवित्र आठवड्यात डुक्कर खाल्लंस? म्हणूनच माझी दुभती गाय मेली!"

"नाही हो, बाई! मी कशाला खाऊ? ईस्टरच्या सकाळपर्यंत खारवलेल्या माशाशिवाय कशाला शिवलो नाही मी! बायकोला विचारा!"

"म्हणजे शेहेचाळीस दिवस उपास केलात," फादर म्हणाले.

"हो!"

"आणि सहा रविवार सोडून त्याला चाळीस म्हणालात."

 रॅनुल्फच्याच माणसांपैकी एक मान खाली घालून खुदखुदला. फादरना आता चेव चढला. ते आणखी पुढे सरसावले, "शिवाय सेंट ल्यूकचा सण एक, सगळ्या संतांचा एक, आणि माझ्या गाढवाच्या—"

हॅविसने मागून झगा ओढला. "फादर, पुरे."

"बरं. ते सोडून दिले," फादर उदारपणे म्हणाले. "आजचा पस्तिसावा. पुढचा शुक्रवार चाळिसावा."

रॅनुल्फने दोर गुंडाळला. घोड्यावर बसल्यावर त्याला वाचा फुटली. "बघतो! तुमच्या बिशपकडेच माणूस धाडतो. तुमचाच धनी सांगेल तुम्हाला मोजायला!"

आणि खरंच, सोमवारी बिशपचा माणूस आला. स्वच्छ हातांचा, पातळ ओठांचा. गावात आनंद झाला, आपला बिशप आपल्या बाजूने बोलणार म्हणून. त्याने पत्र फादरच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "सध्या वरती बोलणी चालू आहेत, फादर. एका हरीणचोरापायी राजाला दुखवायचं नाहीये. राजा मोजतो तसं मोजा आणि मोकळे व्हा."

हॅविस खांबामागून ऐकत होती. राजापुढे ताठ उभं राहायला फादरच्या पाठीशी बिशप होता. आता बिशपपुढे उभं राहायचं, तर पाठीशी फक्त भिंत होती. तिने मनातल्या मनात थर्स्टनचा हात सोडला.

फादरनी पत्र उलगडलं, दूर धरलं, जवळ धरलं. "लॅटिनमध्ये आहे."

"मी सांगितलं ना काय आहे ते."

"तोंडी? बिशपसाहेबांचं पत्र तोंडी ऐकायचं? मग त्यांनी लिहिलं कशाला? नाही नाही. हे मी मिस्साच्या वेळी, वेदीवरून, सगळ्यांसमोर वाचणार. मानाने." त्यांनी ओळी मोजल्या. "पाच आहेत. माझं लॅटिन जरा जपून चालतं. रोज एक होईल."

"रोज एक ओळ?"

"गावाला विचारा."

"रोज एक म्हणजे फादरच्या मानाने पळणंच झालं," खांबामागून हॅविस म्हणाली. सात वर्षांत त्यांच्या लॅटिनचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक.

सोमवार ते गुरुवार चार ओळी झाल्या. पहिल्या तिन्हींत बिशपच्या पदव्याच होत्या आणि फादरनी त्या प्रत्येकी दोनदा गायल्या. बिशपच्या माणसाने बुधवारी कानात लोकर घातली. त्या चार दिवसांत थर्स्टन आत बसून अॅश झाडाच्या चिवट दांड्याचा क्रूस तासत होता आणि संध्याकाळी खांबाला धरून, पाय हळूहळू टेकवून बघत होता. गुरुवारी तो कुंडापासून वेदीपर्यंत चालत गेला. हॅविस बाहीने डोळे पुसत म्हणाली, "बदकासारखा चालतोयस." तो म्हणाला, "बदकं तर समुद्रापार गेली, ताई."

शुक्रवारी सकाळी थर्स्टनने उंबऱ्यावर गुडघा टेकून देश सोडण्याची शपथ घेतली आणि क्रूस हातात धरला. रॅनुल्फ बघतच राहिला. क्रूस थर्स्टनच्या बगलेएवढा उंच होता. आडव्या दांड्यावर लोकरीचं कातडं गुंडाळलेलं होतं. थर्स्टनने तो बगलेत धरला आणि त्यावर सगळा भार टाकून उभा राहिला.

"ही कुबडी आहे!"

"हा क्रूस आहे," फादर म्हणाले. "क्रूस किती उंच असावा, असं राजाने कुठे लिहिलंय?"

"आणि हे कातडं?"

"कोकराचं आहे, साहेब. देवाचं कोकरू विसरलात?"

"तो त्याच्यावर रेलतोय!"

फादर गॅमेल यांनी छाती भरून श्वास घेतला. पहिल्या दिवशी ओढ्याकाठी आलेला तो आवाज गावाने पुन्हा ऐकला, पण या वेळी कुणी पळालं नाही. "रॅनुल्फ! ख्रिस्ती माणसाने क्रूसावर रेलायचं नाही, तर कशावर रेलायचं?"

अंमलदार वाटेतून बाजूला झाला. कुत्रासुद्धा खाली बसला. मग फादर आत गेले, वेदीवरून पत्राची पाचवी ओळ वाचली. 'राजाच्या गणतीप्रमाणे त्याला स्वाधीन करावे' अशी ती होती. "आज्ञा शिरसावंद्य," असं ते रिकाम्या चर्चला म्हणाले. तोवर थर्स्टन टेकाड उतरला होता.

हॅविसला वाटलं फादर गावाच्या वेशीपर्यंत येतील. कबरस्तानापर्यंत जाताना दोनदा बसणारा माणूस तो. पण वेशीवर ते थांबले नाहीत.

"फादर, कुठे?"

"बंदरावर. पोराने रस्त्याबाहेर पाऊल टाकलं, असं उद्या कुणी खोटं सांगायला नको. साक्षीदार हवा."

"तीस मैल आहे हो! तुमचे पाय?"

"माझे नाहीयेत मोडलेले," फादर म्हणाले, आणि गाऊ लागले.

तीन दिवस ते त्या लंगड्याच्या बरोबरीने, त्याच्या पावलाने चालले. रॅनुल्फचे दोन घोडेस्वार मागून येत होते, ते दुसऱ्या दिवशी एक मैल मागे राहिले, गाणं ऐकू येऊ नये म्हणून. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक दारात आले. कुणी चीज दिलं, कुणी पाणी. कुणाला काही सांगावं लागलं नाही. एवढा उंच क्रूस आणि एवढा जाड पाद्री पाहिल्यावर त्यांनी आपण होऊन टोप्या काढल्या. रविवारी सूर्य मावळताना थर्स्टन धक्क्यावर पोहोचला आणि लोकर नेणाऱ्या जहाजात चढला. जहाज हललं तेव्हा फादर गात नव्हते. त्यांचा आवाज बसला होता.

मंगळवारी ते मासे वाहणाऱ्या गाडीतून परतले. पायांच्या जागी दोन फोड होते. हॅविसने गरम पाण्यात ते पाय ठेवले, बीअरचा मोठा मग हातात दिला आणि गावादेखत म्हणाली, "फादर, म्हणा काहीतरी. कितीही मोठ्याने म्हणा." फादर घोगऱ्या आवाजात चुकीचं लॅटिन गायले, आणि त्या दिवशी थॉर्नबेकमध्ये कुणीही त्यांना 'पुढचं घ्या' म्हटलं नाही.

नाताळाच्या सुमारास राजाचा आणि बिशपचा समेट झाला. समेटाच्या कागदात एक कलम असं होतं की आसऱ्याचे चाळीस दिवस मोजताना रविवार धरावेत, आणि क्रूस एका हातापेक्षा उंच नसावा.